खिडकीची झडप

हो उस्ताद, तुमच्याकडे रोजाचा प्रश्न विचारणारी ती बिननावाची चिठ्ठी माझीच — शुद्धलेखनाकडे बघू नका, सहावीतच शाळा सुटली, सुरबायात पंक्चर काढतो, बोलणंही माझं असंच साधं — पण 'एका मित्राने' असं लिहिलंय ना, तर तो मित्र आपल्या मावशीला घेऊन मक्केला निघाला. सुमिरामावशी, काल बसमध्ये तुमच्या शेजारी बसली होती ती. म्हणजे — हो, माझीच मावशी. गेलं, कळलंच तुम्हाला.

निघण्याआधी आम्हा यात्रेकरूंना तुम्हीच सांगितलं होतंत, प्रवासात रोजा माफ, नंतर भरून काढा. सगळ्यांनी ऐकलं. मावशी ऐकेल? "बाजारात सोयाबीनच्या वड्या, टेंपे विकत चाळीस वर्षं रोजे धरले, एक उधार ठेवला नाही, आणि आता खुर्चीत बसून सोडू?" मग मी कसा खाणार तिच्यासमोर — तिने वाढवलंय हो मला — मीही धरला. सकाळी अकराला विमान निघालं. म्हटलं, पावणेसहा वाजले की सुटलो, घरच्यासारखं. पण विमान पश्चिमेला आणि सूर्यही पश्चिमेला, दोघं आपले जोडीनं चाललेत! साडेआठ हजार किलोमीटर, दहा-अकरा तास, आणि बाहेर नुसती दुपार. समोरच्या पडद्यावर ते इवलंसं विमान समुद्रावर चिकटलेलं, हलेचना. त्यात पुढच्या माणसाने रेंदांग-भात उघडला — उस्ताद, तो मटणाचा वास —

मावशीला उंचीची भीती, ओढणी डोळ्यांवर घेऊन बसलेली. सारखं एकच, "पोरा, बुडाला का रे सूर्य?" मी घड्याळ बघितलं, सुरबायाचंच, पावणेसहा. म्हणालो, बुडाला. म्हणजे चूक घड्याळाची, नाही का? अडाणी पोराची चूक, अल्ला माफ करेल — काय? खिडकी? खिडकीची झडप... बंद होती. म्हणजे — आधी उघडी होती. मांडीवर ऊन पडलं होतं माझ्या. मी ती खाली ओढली, आणि मग म्हणालो, बुडाला. "अल्हम्दुलिल्लाह," म्हणाली, खजूर फोडला, आणि अर्धा आधी माझ्या हातावर ठेवला.

जेद्दाला दार उघडलं — ऊन! सगळा विमानतळ लख्ख. मावशी जिन्याच्या तोंडाशी थबकली. सूर्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. एरवी कांदा जाड चिरला तरी गाढव म्हणते मला. काल मात्र पुन्हा ओढणी पुढे घेतली आणि उतरली. अजान होईपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही.

मी विचारतो एवढंच, तिच्या जागी मी रोजा भरून काढला तर? तिला न सांगता? ...नुसती मान हलवू नका हो अशी.

आज पहाटे जेवायला बसलो. तिने आपल्या ताटातलं अंडं उचलून माझ्या ताटात टाकलं. "खा पोटभर," म्हणाली, "आज काही सूर्य आपल्याबरोबर चालायचा नाही." सगळं तोंडाशी आलं होतं माझ्या, उस्ताद. आणि मी काय केलं? अंडं खाल्लं. मान खाली घालून, अख्खं.

ती बघा, हातपाय धुऊन आली. तुम्ही जा, उस्ताद. जा ना. — मावशी, जरा —