खिडकीशी थांबलेली गोष्ट

मंडळी, मालतीमावशींच्या शोकसभेला पोर्टलीशहून, डब्लिनहून गाड्या काढून आलात. संध्याताई म्हणाल्या, "आईबद्दल तू बोल, घरातलाच आहेस." घरातला म्हणजे त्यांच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. कोर्स अर्धवट, नोकरी आज कॅफेत, उद्या गोदामात. ते असो. मला इथे उभं राहायला तोंड नाही.

दिवाळीचा कार्यक्रम याच हॉलमध्ये झाला. मालतीमावशी मुलांना एका अमेरिकन लेखिकेचं आयुष्य सांगणार होत्या. शंभर वर्षांपूर्वीची बाई, मुलांसाठी लिहायची. मावशींच्या वडिलांनी बार्शीत त्यांना लहानपणी ते सांगितलेलं. आपण ठरवलं, मुलं इंग्रजीत बोलतात, म्हणजे त्यांना मराठी कळणार नाही. भाषांतराला मी.

मावशी सांगत होत्या: मुलगी शेतावरची. धाकट्या भावाला साथीचा ताप. खोलीत जायची बंदी. मग ती रोज बाहेर बर्फात उभी राहून खिडकीच्या काचेतून त्याला गोष्टी सांगायची, ओरडून, हातवारे करून. लिहिणं तिथून सुरू झालं.

मी काय म्हणालो? "हर चाइल्डहुड वॉज हार्ड." एवढंच. तेवढ्यात कुणीतरी खुणावलं, पावभाजी गार होतेय. मी पुढचं स्वतःच उरकलं. "अँड शी बिकेम फेमस. थँक यू." तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या.

मावशी हसून म्हणाल्या, "आरं, भाऊ अजून खिडकीत हाय, आन् तू तिला मोठी करून मोकळा झालास व्हय?"

घरी जाताना गाडीत त्यांची नात ईरा म्हणाली, तिच्या इंग्रजीत, "आम्हाला सगळं कळत होतं. युअर मॅनच मध्ये मध्ये बोलत होता." युअर मॅन म्हणजे इथल्या आयरिश बोलण्यात 'तो बुवा'. तो बुवा, म्हणजे मी, तिच्या शेजारीच बसला होता.

मी मावशींना म्हटलं, रविवारी मुलं गोळा करतो, पूर्ण सांगा. "सांगते की. बोलव पोरांना." त्या रविवारी मी गॉलवेला गेलो. कुणीतरी म्हणालं, तिथे संगीत चांगलं असतं. होतंही. पुढचा रविवारही असाच कुठेतरी गेला. कुठे, ते आठवतसुद्धा नाही. मग मावशी हॉस्पिटलात. भेटायला गेलो, तर त्यांनीच विचारलं, "पोरं कुठंयत?" मी म्हटलं, आधी बऱ्या व्हा.

काल ईराने विचारलं, तो भाऊ वाचला का? मी फोनवर शोधलं. पुस्तकांची नावं सापडली, बक्षिसं सापडली. खिडकी कुठेच नाही. संध्याताईंनाही ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होतं त्या माझ्या खोलीच्या खालीच राहत होत्या, आणि मी जिना उतरून विचारलं नाही. तुमच्यापैकी कुणी विचारलं होतं?

आता थोडा वेळ गप्प उभे राहू. मुलांना पुढे येऊ द्या. ती काही बोलली, तर त्यांना अडवू नका.

मावशी, नमस्कार करतो. माफी कुठल्या तोंडाने मागू?