हरलेल्या मॅचसाठी मेणबत्ती

शुक्रवार, सुट्टीचा दिवस, सकाळचे दहा. आखातातल्या नजमा वस्तीतली आमची तिघांची खोली, टीव्ही एकच. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणारा वसईचा विल्सन चर्चमधून मिस्सा करून आला आणि त्याने पहाटेच्या बेसबॉल मॅचचं रेकॉर्डिंग लावलं. एका अमेरिकन डॉक्टरने याला एका टीमची टोपी भेट दिली, तेव्हापासून ती टीम याची. यंदा टीमने हरण्यात कमालीचं सातत्य राखलं आहे.

"काका, स्कोअर सांगायचा नाही हां! मेणबत्ती लावून आलोय."

स्कोअर माझ्या फोनमध्ये होता. पत्रकारितेच्या तीस वर्षांत मंत्र्यासाठी बातमी दाबली नाही, ती एका टोपीसाठी तीन तास दाबली. टीम रीतसर हरली.

"वाईट झालं रे, विल्सन."

"माहीत होतं, काका. पहाटे ड्यूटीवर लाइव्ह बघितली की."

साताऱ्याचा ड्रायव्हर बापू उसळला, "मग आमची तोंडं का बंद केलीस?"

"तुम्ही बोललात की आशाच संपते, बापू."

"आणि मेणबत्ती कशासाठी?" मी विचारलं.

तीन शुक्रवार झाले, विचारतोच आहे. मेणबत्त्या चालू आहेत.