उजव्या हाताचा स्पीकर

लोणावळ्यात स्पीकरच्या दुकानात माझा नंबर यायचा होता. पुढे तुंगार्लीचे एक काका-काकू आपली जुनी स्पीकरची जोडी घेऊन बसले होते.

“या जोडीला चालेल असा स्वस्तातला ॲम्प्लिफायर दाखवा. आधीचा भंगारात दिला. उजव्या हाताचा आवाज दबायचा त्यात.”

“हा ऐका, काका.”

“यातही उजव्या हाताचाच दबतोय.”

“मग स्पीकर गेला असेल. थांबा, तारांसकट दोन्हींच्या जागा बदलतो. आता?”

“उजव्या हाताचाच.”

“अहो, मला तर दोन्ही सारखे ऐकू येतायत.”

“तुला काय कळतंय त्यातलं, सुनेत्रा!”

“काका, जरा स्पीकरकडे पाठ करून बसता? हं. आता कुठला दबतोय?”

“उजव्या हाताचा…”

दुकानदाराने गाणं बंद केलं.

“म्हणजे आधीचाही चांगलाच होता,” काका म्हणाले. “द्या, हाच द्या.”

“अहो, आधी डॉक्टरांकडे जाऊ या.”

काका पाकीट चाचपत राहिले. काकू उठल्या, त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या आणि तेच पुन्हा म्हणाल्या.