सीफावहिनींचं नाव

सन्माननीय अध्यक्ष पाळक हेतुतू, व्यासपीठावर बसलेले आपल्या गावचे विधानसभा सदस्य आणि माझा सख्खा भाचा इकिपा, आजचे सत्कारमूर्ती वीलीतामा, त्यांच्या पत्नी सीफावहिनी, आणि बाहेरच्या भूभट्टीत भाजणाऱ्या तारोकंदांच्या वासाकडे लक्ष ठेवून माझं ऐकणाऱ्या ग्रामस्थांनो,

पाळकसाहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. एकतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला पाच मिनिटं म्हणजे हजेरीसुद्धा पुरत नाही. पण बघते.

वीलीतामांनी अठरा वर्षं आपल्या गावाचं म्हणणं नीऊए बेटाच्या विधानसभेत मांडलं. पाण्याची टाकी, वादळानंतरची छपरं, सगळं आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. गेल्या निवडणुकीत देवाची इच्छा वेगळी होती, हेही प्रत्येकानं सांगितलं. मला त्या इच्छेबद्दलच बोलायचं आहे.

मतं अठरा-अठरा पडली. नियमाप्रमाणे चिठ्ठी टाकली, पाळकसाहेबांच्याच हॅटमध्ये. इकिपाचं नाव निघालं. वीलीतामा म्हणाले, "देवानंच निवडलं, मग माणसानं तोंड कशाला वाकडं करायचं?" आणि आता परवाच्या विमानानं दोघं ऑकलंडला लेकीकडे चालले आहेत, कायमचे. गावाला आपण नको झालो, असं वाटून.

मतदारयादी माझ्याकडे होती. निवृत्तीनंतरचं मानाचं काम. सीफावहिनी पाच महिने ऑकलंडच्या इस्पितळात होत्या, मतदानाच्या दहा दिवस आधी परतल्या. मतदानाच्या दिवशी माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "लेफिना, माझं नाव दिसत नाही. चष्मा पूस आणि बघ."

मी म्हणाले, "वहिनी, नाव काढलंय. आधीचे तीन महिने इथं वास्तव्य हवं."

"अगं, मी काय तिकडं नाचायला गेले होते? किडनी घेऊन गेले होते."

"संविधानात लिहिलंय."

मग म्हणाल्या, "संविधानात असेल तर राहू दे. आपल्याच माणसांनी लिहिलंय ते." आणि बाहेर चिंचोक्याएवढ्या सावलीत नवऱ्याची वाट बघत उभ्या राहिल्या.

१९७४ साली याच सभागृहात ते संविधान गावाला वाचून दाखवलं, तेव्हा दोनशे माणसांचं जेवण रांधणारी सून कोण होती, आठवतं का कुणाला? मला आठवत होतं. मी शेजारी बसून नारळ खवत होते.

इस्पितळात गेल्यानं कुणाचं वास्तव्य सुटत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. चौदा वर्षं मीच लोकांना समजावत आले. आणि माझी बहीण, इकिपाची आई? दोन वर्षं ऑकलंडला नोकरी करते. मतदानाच्या आठवड्यात गोठवलेल्या कोंबड्यांचं खोकं घेऊन आली, मत देऊन गेली. तिचं नाव मी राहू दिलं. त्या कोंबड्या तुम्ही सर्वांनी खाल्ल्या. ती कुठं राहते, हे तुमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं? खाली बघू नका, आज खाली बघायची पाळी माझी आहे.

खरी मतं वीलीतामांना एकोणीस आणि इकिपाला सतरा. चिठ्ठीची वेळच येत नव्हती. देवापुढे अठरा-अठरा मी ठेवली, आणि वर त्याचंच नाव पुढे केलं.

समोआच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी शिकवलं, पापाची कबुली जाळीमागे द्यावी. ती मी दिली. फादरनी दहा प्रार्थना सांगितल्या, मी वीस म्हटल्या. त्यानं वहिनींना मत मिळालं नाही. म्हणून आज सकाळी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना सगळं लिहून दिलं, यादीही परत केली. इकिपा, तुला आधी सांगितलं नाही, कारण तू रडला असतास आणि मी विरघळले असते. पुढं काय करायचं ते तू ठरव.

वीलीतामा, जायचं तर जा, वहिनींना उपचार हवेतच. पण गावानं नाकारलं म्हणून जाऊ नका. गावानं तुम्हाला निवडलं होतं.

अध्यक्षांनी बोलू दिलं, स्वयंपाकाच्या बायकांनी भट्टी थोपवून धरली, सर्वांचे आभार. शेवटी बोलण्यातल्या चुकांची माफी मागायची पद्धत आहे. बोलण्यात आज काही चुकलं नाही. सीफावहिनी, यादीचं दुसरं पान, अकरावी ओळ. पट्टी ठेवून, सरळ रेघ मारली होती मी. तेवढ्या रेघेची माफी मागते. द्यायची की नाही, ते तुमचं मत.