मुबश्शिराचा ओढा

— व्हय, हाय की सर, न्हाई कशाला म्हणू? माझ्या भाचीचा, मुबश्शिराचा तो शोधनिबंध अजून हाय ह्या कॉम्प्युटरवर, पहिल्या पानापासनं शेवटच्या नकाशापातुर. पण 'पोरांना नमुना म्हणून द्यायचाय' म्हणताय, ते काय माझ्या गळ्याखाली उतरंना बगा. बसा. ते कागदाचे गठ्ठे सरकवा तिकडं आन् बसा. नमुना! आवं, हितं कवठे महांकाळात झेरॉक्सचं दुकान टाकल्यापासनं मी तुमच्या भूगोलाचे नमुनेच बांधतोय न्हवं का — 'द्राक्षशेतीचा भौगोलिक अभ्यास'! गेल्या साली एका गावची द्राक्षं, यंदा दुसऱ्या गावची. पाऊस तेवढाच, माती तीच, आभाराचं पान तर शब्दाला शब्द. एका गड्यानं गावाचं नाव बदललं, पण आतल्या फोटोत शाळेच्या पाटीवर जुनंच गाव. मी बोट ठेवून दाखवलं, तर म्हणतो, असू दे की सिकंदरचाचा, सर कुठं वाचत्यात. — माझ्याकडं काय बगताय, त्यो म्हणला, मी न्हाई.

तर मुबश्शिरा. आमच्या आपाची, म्हंजे थोरल्या भणीची, मेहरुनबीची, एकुलती एक. बाप लहानपणी गेला, आपानं शिवणकाम करून शिकवली. तुमच्याकडं आली एम. ए.ला, तुमाला आठवत असंलच — न्हाई? बुटकी, चष्मा, सारखं विचारत बसायची ती. तेच तर! विचारणारी पोरगी कुणाच्या ध्यानात ऱ्हाती? त्यांचं गाव म्हंजे दुष्काळी, टँकरची वाट बगण्यात जन्म गेलेलं. आन् त्या गावात एका सांजच्याला असा पाऊस पडला की ओढा सरळ आपाच्या मोहल्ल्यात. चुली विझल्या, शेरडं वाहून गेली. आता पाणी वसरल्यावर माणसानं काय करावं? चिखल काढावा. ह्यांनी काय केलं? पंचायतीत बैठक! माजी सरपंच बाळासो उठले आन् म्हणले, मोहल्ल्यातली घरं ओढ्यात बांधल्यात म्हणून पाणी तुंबलं, घरं हलवा. आन् बाळासोंचं स्वतःचं मंगल कार्यालय कुठं? त्याच ओढ्याच्या काठाला, कमानीसकट! त्याचं नाव कोण काढतंय? आदल्या लग्नसराईत सगळ्यांनी तिथंच जेवण केलेलं.

तवा मुबश्शिरा तुमच्याकडं आली. म्हणली, सर, मला ह्या ओढ्यावर काम करायचंय, पूर्वी तो कुठनं वाहायचा ते शोधायचंय. तुमी काय म्हणला? द्राक्षं घे. — हां, आता आठवलं व्हय? ती हटली न्हाई, तवा तुमी म्हणला, बरं, संदर्भ लायब्ररीत असतात, शोध. शोध! जसं काय पिशवी घिऊन बाजारला जायचंय. ती लायब्ररीत गेली. तिथं गाइडं, स्पर्धा परीक्षेचे ठोकळे, आन् नकाशांचं कपाट — त्याला कुलूप. ते उघडून घेता घेता पावसाळा सरला. आत काय निघालं? वाळवीनं खाल्लेल्या नकाशांच्या गुंडाळ्या आन् स्नेहसंमेलनाचे पडदे. ती भुगा झालेला नकाशा दोन्ही हातांत धरून उभी ऱ्हायली, म्हणती, मामू, त्यात आपलाच तालुका होता. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे गं, द्राक्षं घे. मला काय, बांधायला तेवढंच सोपं.

द्राक्षं घेतील तर ती आपाची पोर कसली. गेली साताऱ्याला, मैत्रिणीच्या खोलीवर पथारी टाकून. तिथं एका जुन्या वाचनालयात लीलाबाई म्हणून ग्रंथपाल होत्या, लय कडक बाई. हिनं जाऊन विचारलं, आमच्या ओढ्यावर पुस्तक हाय का? त्या चष्म्यावरनं बघून म्हणल्या, 'असं पुस्तक जगात नसतं. ओढ्याला काय काय लागतं ते मला सांग.' हिनं नुसती वही उघडली. तर म्हणल्या, 'पाऊस लागतो, उतार लागतो, माती लागते, आणि काठाला माणसं लागतात. चौघांची चार कपाटं आहेत. प्रत्येकाला वेगळं विचार. आणि पुस्तक हातात घेतलंस की आधी मागची पानं उघड — लिहिणाऱ्याने कुठून घेतलं ते बघ, आणि मग तिकडे जा.' एवढंच, सर. एवढं सांगायला त्या बाईला किती वेळ लागला असंल? तुमचा चहा निवायच्या आत झालं असतं. पण सांगायचं कुणी? तुमी तर मीटिंगमधी.

मग काय, पोरीला वाट गावली. जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर काढलं, तिथनं जनगणनेच्या पुस्तिका, तिथनं पावसाचे आकडे. नवीन नकाशे सरकारनं इंटरनेटवर टाकलेत म्हणं, ते हितंच बसून उतरवून घेतले. जुना गाव नकाशा तेवढा मोजणी ऑफिसात अडकला — ते म्हणले, कॉलेजचं पत्र आणा. पत्र तुमी दिलं न्हाई, सहीला हात दुखतो तुमचा. मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून तिनं त्यो मिळवला. वर आन् गावातली मनुबाई — लय म्हातारी, काठीवर चालणारी — तिला घिऊन हिंडली, पूर्वी धुणं कुठं धुवायचा, म्हसरं कुठं बसायची, ते दगड दाखवून घेतले. लोक हसायचे, मेहरुनबीची पोरगी म्हातारीसंगं दगडं मोजतीया म्हणून.

आन् मग एक दिवस ह्याच खुर्चीत बसून तिनं जुना नकाशा आजच्या, वरनं काढलेल्या फोटोवर बसवला. मला नकाशातलं काय कळत न्हाई, सर. रेघा म्हंजे रेघा. पण तिचा चेहरा कळत होता. म्हणली, मामू, ओढा बाळासोंच्या कार्यालयाखालनं जातो, त्यांनी भराव टाकून दाबलाय. मी टाळीच वाजवली! शेजारच्या वडेवाल्याला हाक मारली, भजी सांग म्हणलं. तर ही म्हणती, थांबा मामू. तिथनं तो वळतो. आन् बोट सरकवत सरकवत आणलं, आन् ठेवलं. कुठं? आपाच्या घरावर. सैपाकघर आन् मागची पडवी, नेमकी ओढ्याच्या पोटात. बोट उचलंनाच ती तिथनं. भजी आली, निवली, कुणी हात लावला न्हाई.

आपाला कळलं तशी आली की गावासनं. बसलीसुदिक न्हाई. म्हणली, तेवढं वळण काढून टाक. कार्यालयापातुर रेघ ठेव, म्होरं पुसून टाक, कोण बगतंय? ही म्हणली, 'अम्मी, पाणी माझा निबंध वाचून येणार न्हाई.' रडत होती आन् टाइप करत होती. दोनी लिवलं — कार्यालय बी आन् घर बी. जसं हाय तसं. आपा जाताना मला म्हणली, माझ्या लेकीनं माझं घर कागदावर बुडवलं.

आन् तुमी? तोंडी परीक्षेत काय बोलला? 'एवढ्या खोलात जायची गरज नव्हती.' पास होण्यापुरतं दिलं आन् प्रत कपाटावर फेकली. गावाचं तर बोलूच नका. बाळासोंच्या माणसांनी सगळ्या निबंधातलं एकच पान उचललं, मोहल्ल्याचं, आन् पंचायतीत फडकवलं — बगा, ह्यांचीच पोरगी सांगती! कार्यालयाचं पान त्यांना दिसलंच न्हाई. मोहल्ल्यातल्यांनी तर तिच्याशी बोलणं टाकलं. शिकलेली पोरगी आन् घरभेदी निघाली म्हणं. ह्यातल्या एकानं तरी निबंध उघडला असंल? शपथेवर सांगतो, न्हाई.

मग मुबश्शिरा टेम्पो घिऊन गावाला गेली. पावसाच्या तोंडाला, रोहिणी नक्षत्र निघायच्या आधीच. आपाचं शिलाई मशीन, पेटी, भांडी सोताच्या हातानं चढवली. आपा उंबऱ्यावर बसून ऱ्हायली, तर हिनं हाताला धरून उठवली. पोरीनं आईला घरातनं काढलं म्हणून सगळी आळी बगायला उभी. टेम्पोत आपा लेकीकडं पाठ करून बसली. तवापासनं हितंच वरच्या खोलीत हाय.

आन् त्याच साली पुन्हा तसलाच पाऊस. ह्या खेपंला दिवसाढवळ्या, म्हणून बाकीची माणसं वर पळाली, वाचली. आपाची मागची भिंत गेली. चुलीपशी आडवी झाली, जिथं ती दुपारची पडायची तिथंच. मी जाऊन बघून आलो. भिंतीखाली कोण न्हवतं, सर. कोण न्हवतं म्हणून तर आज मी तुमच्यासंगं एवढा वर तोंड करून बोलतोय, न्हाईतर —

— पाणी नको मला. काय न्हाई झालं. टोनरची धूळ जाती डोळ्यात.

मग आले सरकारचे इंजिनेर. त्यांना कुणीतरी निबंधाचं सांगितलं, तवा त्यांनी सगळा निबंध वाचला, मागच्या पानांसकट. बाळासोंच्या कार्यालयाची मागची बाजू पाडून ओढ्याला वाट करून दिलीय आता. मोहल्ल्याला वरच्या अंगाला जागा द्यायचं चाललंय, बगू कवा मिळतीय. मुबश्शिरा साताऱ्यात एका संस्थेत लागलीय, गावोगावचे ओढे हुडकत हिंडती. रोज फोन करती — मला. अम्मी जेवली का, अम्मीचे पाय दुखत्यात का. आन् फोन आला की आपा जिन्यावर येऊन बसती, मशीन बंद ठेवून. मी मुद्दाम सगळं मोठ्यानं बोलतो. दोघीबी एकमेकींना इचारत न्हाईत. मधल्यामधी माझा घसा बसतो.

हे तुमाला कशाला सांगतोय मी? जाऊ द्या. तर फाइल. पोरांना नमुना म्हणला न्हवं तुमी? सर, तुमच्या त्या चर्चासत्राची पत्रिका छपाईला माझ्याकडंच आलीय. 'ओढ्याचा बदललेला प्रवाह — एक अभ्यास', आन् खाली तुमचं नाव. मोठ्या टायपात. मुद्रितशोधन मीच केलं, भूगोलाचं स्पेलिंग चुकलं होतं तुमच्या हापिसातनं. आता तारीख जवळ आली आन् आत भरायला कायतरी पायजे, व्हय न्हवं? — चिडू नका. चिडायचं कारण न्हाई. फाइल मिळणार न्हाई. वाचायचं असंल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक प्रत जमा हाय. कोल्हापूरची एसटी म्होरंच लागती. जावा, कार्ड करून घ्या, कपाट विचारा. शोधा, मिळंल —

थांबा. गप. जिन्यावर पाय वाजला... काय आपा? कुणी न्हाई. न्हाई गं, कुणाचं नाव न्हाई घेतलं मी. गिऱ्हाईक हाय, चुकून आलंय. निघालंय आता.