गावाच्या मधोमध

हो हो, हेच ते घर, चपला राहू देत पायात, आत ये. तूच ना ती वेबसाइटवाली? फोनवर तर कोणी बाप्या बोलला होता. बस, ती एकच खुर्ची रिकामी आहे — बाकी बघतेसच, मिक्सर, इस्त्र्या, पंखे. आमचे नाहीत गं! तुमच्या कृपेनं आलेत. दुरुस्तीवाल्यांची वेबसाइट काढलीत, वर तिच्यात नकाशा घातलात, आणि ज्याचा पत्ता मशीनला कळला नाही त्याला नेऊन कुठं ठेवलंत? गावाच्या मधोमध. म्हणजे माझ्या उंबऱ्यावर. काय म्हणालीस? कुठंतरी ठेवावंच लागतं? मग तळ्यात ठेवायचं होतं!

सकाळी दार उघडावं तर बाई मिक्सर कडेवर घेऊन उभी, लेकरासारखा. मी हाकलायची. पण आमचे हे — जन्मभर गिरणीत मशिनी दुरुस्त केल्या, घरी बसल्यावर भिंतीशी बोलायची पाळी — हे म्हणायचे, "या, बसा, बघतो." आणि बघायचे, खरंच! तू बसलीस ना, तिथंच बसून स्क्रूड्रायव्हर फिरवायचे. मला म्हणायचे, तक्रार करू नकोस हं. मी केली. परत केली. तुम्ही उगवलात आत्ता.

कुठं आहेत? बाहेर गेलेत. सगळ्यांना तेच सांगते. तो हिरव्या पंख्यावाला आला — काका नाहीत? म्हटलं, बाहेर गेलेत, उद्या ये. उद्या आला, परत तेच. त्यांना पोचवून आले तेव्हापासून दाराशी दुसरं काही तोंडातून निघतच नाही. रडले का? नाही बाई. स्वयंपाक करते, दोघांचा होतो, उरतो. अशी बघू नकोस माझ्याकडे.

उघड तुझं ते यंत्र. हाच का तो टिपका? एवढासा? काढ. — थांबलीस का? तक्रार कुणाची, माझी ना? उद्यापासून "काका आहेत का" म्हणून कुणी विचारायला नको. काढ म्हणते ना... गेला? बरं झालं.

बेल वाजली बघ — पंख्यावालाच असणार. जाता जाता तूच सांग त्याला, की काका... नको. राहू दे. मी सांगते, बाहेर गेलेत म्हणून. तू ऊठ. त्या खुर्चीवरून ऊठ आधी.