अध्यक्षबाईंची तीन मिनिटं

नोरीन : आधी ते हसणं आवरा दोघं. वाडग्यातली बीन्सची चिली निवून चाललीय, सिनॅमन रोलला हात नाही लावलेला, आणि मी सकाळपासून या काउंटरमागे जीव मुठीत धरून उभी आहे. आपलं नागरी हक्क सल्लागार मंडळ राहिलं की गेलं?

अन्सेल्मो : सांगतो. पण आमच्या अध्यक्षबाईंनी काय प्रताप केला ते आधी ऐक.

वर्डेल : बदनामी करायचीच तर नीट कर, अन्सेल्मो. अर्धवट नको.

अन्सेल्मो : कायद्यानं मंडळ जूनअखेर संपणार. विधानसभेच्या समितीनं मुदत वाढवली तरच पुढं. सगळी मदार बाईंना बोलायला मिळणाऱ्या तीन मिनिटांवर. नाव पुकारलं, बाई उठल्या, मागं बघतात तर डेलबर्ट क्लासेन.

नोरीन : आपल्या गावचा? मंडळ बंद करा म्हणून कुंपणाकुंपणावर पाट्या ठोकतो, तो?

अन्सेल्मो : तोच. नाव द्यायला उशीर झाला म्हणून त्याला कुणी बोलू देईना. तर बाई म्हणतात, माझी मिनिटं या गृहस्थांना द्या.

नोरीन : वर्डेलबाई, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? पाय कापणार हे दवाखान्यात माझ्या बहिऱ्या भावाला कुणी खुणांनीसुद्धा सांगितलं नाही. जाग आली तेव्हा कळलं त्याला. सप्टेंबरात त्याची सुनावणी. मंडळ गेलं तर कुणापुढं उभा करू मी त्याला?

वर्डेल : सवय गं माझे बाई. ज्याचं कुणी ऐकत नाही त्याला आपली वेळ द्यायची, गावोगाव हेच करत आले. जीभ पुढं धावली, अक्कल मागून आली.

अन्सेल्मो : आणि डेलबर्ट असा सुटला की विचारू नकोस. कुत्रा काढला, पोस्टाची पेटी काढली, मेलेला सासरा काढला. शेवटी म्हणाला, या मंडळापुढं मी अख्खी दुपार बोललो, उपयोग शून्य. समितीतल्या एका आमदारबाईंनी चष्मा उतरवून विचारलं, अख्खी दुपार? आणि मंडळ नसलं तर कुठं जाल तुम्ही?

नोरीन : मग?

अन्सेल्मो : म्हणाला, तुमच्याकडे. रोज येईन.

वर्डेल : काय सांगू, मक्याचे कोंब फुटावेत तसे हात वर आले. विरोधातल्यांचे आधी.

अन्सेल्मो : चार वर्षं, नोरीन. एकमतानं.

(नोरीन त्यांच्याच बाकावर टेकते. हसू आवरत नाही, एप्रनचं टोक डोळ्यांशी जातं.)

नोरीन : आणि डेलबर्ट?

वर्डेल : त्याची गाडी बंद पडलेली. आम्हीच घरी सोडला. वाटभर मंडळाच्या नावानं बोटं मोडत होता.

अन्सेल्मो : माझा रेडिओसुद्धा लावू दिला नाही.

वर्डेल : ते जाऊ दे. तुझ्या भावाला बोलायला वेळ किती लागेल, सांग. आपल्याकडे मिनिटांचा धाक नाही.

नोरीन : वेळेचं तो काही म्हणायचा नाही, बाई. तो हातांनी बोलतो. खोलीत उजेड तेवढा भरपूर असू द्या.